आपल्याला जे दिसतं ते खरंच तसं आहे हे आपल्याला माहीत असू शकतं का?

तिठा (धागाकर्ता)

संशयवादाचा, म्हणजे आपल्याला खात्रीनं काही माहीत असू शकत नाही या मताचा, विषय निघाला की दोन वेगळे मुद्दे हमखास एकत्र होतात आणि चर्चा तिथेच अडकते, म्हणून आधी ते सुटे करून मांडतो.

पहिला मुद्दा म्हणजे इंद्रियं फसवतात. पाण्यात काठी वाकडी दिसते, दोरीच्या जागी साप दिसतो, स्वप्नात सगळं खरंच वाटतं, तर मग एकदा फसलात तसे कायमच फसत नसाल कशावरून? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं १६४१ मध्ये सुरुवात इथूनच केली होती. मला हा मुद्दा कच्चा वाटतो. काठी सरळ आहे हे कळलं कसं? हात लावून, बाहेर काढून बघून, म्हणजे इंद्रियांनीच ना. आजवर जेवढे भ्रम पकडले गेले ते सगळे दुसऱ्या कुठल्या तरी अनुभवानंच पकडले गेलेत, त्यामुळे भ्रमांची यादी कितीही लांबवली तरी त्यातून "सगळंच भ्रम असू शकतं" हे निघत नाही, उलट चूक शोधायची सोय आपल्याकडे आहे एवढंच निघतं.

दुसरा मुद्दा मात्र खरंच जड आहे. तो कुठल्याही एका चुकीबद्दल नाहीच. समजा माझा मेंदू एका भांड्यात ठेवलाय आणि कुणीतरी त्याला तारा जोडून हा सगळा अनुभव पुरवतंय. मला जे दिसतं, ऐकू येतं, आठवतं ते तंतोतंत असंच असेल. आता युक्तिवाद बघा. मला दोन हात आहेत हे जर मला माहीत असेल, तर मी भांड्यातला मेंदू नाही हेही मला माहीत असायला हवं, कारण तशा मेंदूला हात नसतात. पण मी भांड्यातला मेंदू नाही हे मला माहीत नाही, कुठलाही पुरावा दाखवला तरी तो तिथेही असाच दिसला असता. म्हणून मला दोन हात आहेत हेही मला माहीत नाही.

पायऱ्या दोनच आहेत आणि दोन्ही पटतात, शेवट मात्र पटत नाही. मग कुठली पायरी सोडायची? मी गेली काही वर्षं यावर जमेल तसं वाचतोय आणि माझं मत दुसरी पायरी सोडायची असं झालंय, पण आधी तुमचं ऐकायचंय. "हे सगळं माया आहे" एवढंच लिहून जाऊ नका प्लीज, का ते लिहा.

प्रकाशकिरण

पहिला मुद्दा तुम्ही फार पटकन निकालात काढलात असं वाटतं. प्रश्न अधूनमधून फसण्याचा नाहीच, नेहमीचं सरळसाधं बघणंसुद्धा मेंदूनं तयार केलेलं असतं हा आहे. डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, तरी आपल्याला दृश्यात भोक दिसत नाही, मेंदू ते भरून काढतो. रंगाचं तर त्याहून पुढचं आहे. आपल्याकडे शंकूपेशींचे, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींचे, तीनच प्रकार आहेत, त्यामुळे ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश आणि लाल-हिरव्याचं योग्य मिश्रण आपल्याला अगदी सारखे दिसतात, भौतिकदृष्ट्या ते वेगळे आहेत तरी. मोबाईलच्या स्क्रीनवरचा पिवळा हा दुसऱ्या जातीचा, तिथे पिवळी तरंगलांबी असायचीच गरज नसते. मधमाशीला अतिनील दिसतं आणि लाल जवळपास दिसत नाही, मग फुलाचा "खरा" रंग तिचा की आपला? आणि म्युलर-लायरच्या त्या दोन रेघा, टोकांना उलटसुलट बाण असलेल्या, फूटपट्टीनं मोजून सारख्या आहेत हे कळल्यावरही लहानमोठ्याच दिसत राहतात, म्हणजे माहिती असून दिसणं बदलत नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं की बघणं हे नकळत केलेलं अनुमान आहे. आपण जग बघतच नाही, मेंदूनं बांधलेला अंदाज बघतो.

तिठा

माहिती सगळी मान्य, आणि छान मांडलीत. पण यातून संशयवाद कसा निघतो ते मला दिसत नाही. शंकूपेशी तीन आहेत, पडद्यावर आंधळा ठिपका आहे, तरंगलांबी ५८९ आहे, हे कळलं कुठून? प्रयोग करून, उपकरणांचे आकडे डोळ्यांनी वाचून. डोळे आणि मेंदू यांच्याबद्दलचं हे ज्ञान खरं धरलंत तरच तुमचा मुद्दा उभा राहतो आणि ते खरं धरलं की जगाबद्दल काहीच माहीत नाही असं म्हणता येत नाही.

शिवाय "अंदाज बघतो" यात मला थोडी गडबड वाटते. मेंदू अंदाज बांधून बघतो, कबूल. पण बघतो ते समोरचं झाडच, अंदाज ही बघण्याची रीत झाली. प्रक्रिया गुंतागुंतीची आहे म्हणून जे दिसतं ते प्रक्रियाच आहे असं नाही होत.

फुलाच्या रंगाचं वेगळं आहे, तिथे मी मान्य करीन की रंग हा फूल आणि बघणारा या दोघांच्या नात्यात असतो. पण फूल आहे, पाकळ्या पाच आहेत, यावर मधमाशीचं आणि माझं भांडण नाही.

नवखा

वाचतोय, थोडं थोडं कळतंय. सिम्युलेशनवाला जो युक्तिवाद असतो तो हाच का? आपण सगळे कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये आहोत आणि ते गणितानं जवळपास सिद्ध झालंय वगैरे व्हिडिओत म्हणतात.

प्रकाशकिरण

@नवखा, सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉमचा २००३ चा निबंध आहे, त्यात तो तीनपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे एवढंच म्हणतो: एकतर आपल्यासारख्या जवळपास सगळ्या संस्कृती तेवढ्या पुढारलेल्या अवस्थेला पोचण्याआधीच संपतात, किंवा पोचतात पण असली सिम्युलेशन्स जवळजवळ कुणी चालवत नाही, किंवा आपण बहुधा सिम्युलेशनमध्येच आहोत. तिसरंच खरं असं त्यानं म्हटलेलं नाही, व्हिडिओवाले पहिले दोन पर्याय गाळतात.

आणि वर तिठा यांनी मला विचारलं तेच इथेही लागू पडतं हे मान्य करतो. कॉम्प्युटरची ताकद किती वाढू शकते, मेंदूला किती गणन लागतं हे सगळे अंदाज आपण याच जगातल्या निरीक्षणांवरून काढलेले असतात, हे जग बनावट निघालं तर ते आकडे बाहेरच्या जगाला का लागू व्हावेत?

डेव्हिड चाल्मर्स हा आजचा तत्त्वज्ञ तर म्हणतो की समजा असू सिम्युलेशनमध्ये, म्हणून टेबल खोटं ठरत नाही, ते शेवटी बिट्सचं बनलेलं आहे एवढंच कळेल, जसं ते अणूंचं आहे हे कळल्यावर नाहीसं झालं नव्हतं. मला ते बरंच पटतं.

जुनीपोथी

धागा आवडला. यातलं बरंचसं आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी फार बारकाईनं भांडून झालंय आणि त्याची आठवण कुणी काढत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनापासून सुरू करू, साधारण दुसरं शतक. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, म्हणणार की आम्ही प्रमाणांनी, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान वगैरे ज्ञानाच्या साधनांनी, वस्तू सिद्ध करतो. नागार्जुन विचारतो, मग प्रमाणं कशानं सिद्ध केलीत? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, ती साखळी संपतच नाही. सिद्ध न करताच धरली म्हणाल तर "सगळं प्रमाणानंच सिद्ध होतं" हे तुमचंच म्हणणं तुम्ही सोडलंत. कुणी म्हणालं की अग्नी जसा स्वतःलाही उजळतो आणि इतरांनाही तशी प्रमाणं, तर त्यावर तो म्हणतो अग्नी स्वतःला उजळत नाही, कारण तो आधी अंधारात होता आणि मग दिसू लागला असं कधी झालेलंच नाही. आणि "मग तुमचं हे म्हणणं तरी कशानं सिद्ध?" असं उलट विचारलं तर उत्तर तयार आहे, नास्ति च मम प्रतिज्ञा, माझी काही प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचा दावाच, नाही.

ग्रीक संशयवाद्यांकडे हाच पेच आग्रिपाच्या नावानं सांगितला जातो, अनंत साखळी किंवा वर्तुळ किंवा नुसतं गृहीतक.

आता न्यायाचं उत्तर. मला ते या पूर्ण वादातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. न्यायसूत्रांत तराजूचा दाखला आहे. तराजूनं सोनं तोलतात तेव्हा तराजू हे प्रमाण. पण तराजूबद्दलच शंका आली तर वजन माहीत असलेलं सोनं घालून तो तराजू तपासता येतो, तेव्हा तोच प्रमेय, म्हणजे तपासायची वस्तू, होतो. म्हणजे कुठलंही प्रमाण तपासता येतं पण सगळी प्रमाणं एकाच वेळी, कुठल्याच प्रमाणाचा आधार न घेता, तपासा ही मागणीच चुकीची आहे. शंका आली तिथे तपासा, आली नाही तिथे पुढे चला. तिठा यांचं "चूक शोधायची सोय" हे बरोबर इथलंच आहे.

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे लोक, याहून पुढे जातात. त्यांच्यातला कुमारिल म्हणतो ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, ते खोटं ठरायला कारण लागतं, खरं ठरायला वेगळं कारण लागत नाही. नैयायिकांना हे मान्य नाही, त्यांच्या मते पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं होतं हे कळतं.

उलट बाजूनं जयराशी भट्ट आहे, त्यानं तर एकेक प्रमाण घेऊन सगळी मोडीत काढली. त्याचा ग्रंथ शतकानुशतकं गायब होता, विसाव्या शतकात पाटणच्या भांडारात हस्तलिखित सापडलं आणि १९४० मध्ये छापला गेला. चार्वाकांचा म्हणून सांगितला जाणारा एवढा एकच ग्रंथ हाती आलाय, तोही संशयवादी.

वाटाड्या

जुनीपोथी ताई, प्रतिसाद जबरदस्त. पण मी नागार्जुनाच्या बाजूनं उभा राहतो, कारण इथे सगळेच एका बाजूला झुकायला लागलेत.

तराजू दुसऱ्या वजनानं तपासला, ते वजन तिसऱ्यानं, ठीक. यातून काय मिळालं? सगळी वजनं एकमेकांशी जुळतात एवढंच. पण जुळणं म्हणजे खरं असणं नव्हे. एखादं स्वप्न पूर्ण सुसंगत असेल, त्यात तहान लागेल, पाणी मिळेल, तहान भागेल, त्यात शंभर लोक येऊन तुमच्याशी सहमत होतील. भांड्यातल्या मेंदूचा मुद्दा तोच आहे. आतल्या आत तपासणी कितीही केलीत तरी ती आतलीच. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८७ मध्ये लिहिलं की बाहेरच्या वस्तूंचं अस्तित्व निव्वळ श्रद्धेवर धरावं लागणं हा तत्त्वज्ञानावरचा कलंक आहे, तो कलंक माझ्या मते अजून गेलेला नाही.

आणि संशयवादी म्हणजे जगणं सोडलेला माणूस असं काहीजण समजतात तेही चुकीचं आहे. पिऱ्हो या जुन्या ग्रीक संशयवाद्याबद्दल गोष्टी आहेत की तो गाड्यांसमोरून, कड्यांवरून सरळ चालत जायचा आणि मित्र त्याला वाचवायचे, पण त्याच जुन्या चरित्रात असंही नोंदलंय की तो सावधपणेच वागायचा आणि नव्वदीपर्यंत जगला. नंतरचा संशयवादी सेक्स्टस एम्पिरिकस तर वैद्य होता. तो म्हणतो आम्ही दिसतं त्याप्रमाणे वागतो, भूक लागली की खातो, रीतभात पाळतो, धंदा शिकतो, फक्त "वस्तू मुळात अशीच आहे" असा दावा करत नाही. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. जेवढं दिसतं तेवढंच बोलायचं.

अबोली

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही पण हे वाचून घरातलं एक सांगावंसं वाटलं. माझ्या आजोबांची नजर म्हातारपणी खूप गेली आणि मग त्यांना खोलीत माणसं दिसायला लागली, जुन्या पद्धतीचे कपडे घातलेली, गप्प बसलेली. आम्ही घाबरलो, वाटलं डोक्यावर परिणाम झाला. डॉक्टरांनी सांगितलं डोकं शाबूत आहे, नजर गेलेल्या काही लोकांना असं होतं, शार्ल बॉनेनं १७६० मध्ये स्वतःच्याच आजोबांचं असं लिहून ठेवलं होतं म्हणून त्याचं नाव आहे त्याला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आजोबा आधी विचारायचे, "तिथे खुर्चीवर कोणी आहे का गं?" मग विचारणं थांबलं. मी म्हटलं आजोबा आता दिसत नाहीत का ती माणसं? तर म्हणाले, "दिसतात की, पण आता ओळखता येतात. तू मला धूसर दिसतेस आणि ती अगदी स्पष्ट, कपड्यावरची नक्षीसुद्धा, माझ्या डोळ्यांना एवढं स्पष्ट दिसणं शक्य नाही म्हणून ती खोटी." मला त्यांचं तेव्हाही नवल वाटलं होतं आणि हा धागा वाचून परत वाटलं.

तिठा

अबोली, फार मोलाचं लिहिलंत. देकार्त म्हणायचा जे मनाला स्पष्ट आणि सुटं जाणवतं ते खरं. त्याला डोळ्यांना दिसणं अभिप्रेत नव्हतं हे खरं, पण अनुभव जितका ठळक तितका विश्वासाचा असं आपण सगळेच मानून चालतो, आणि तुमच्या आजोबांनी बरोबर उलटं केलं. एका अनुभवाच्या ठळकपणावर न जाता स्वतःच्या डोळ्यांबद्दल जे माहीत होतं त्याच्याशी तो ताडून बघितला.

वाटाड्या

अबोली, गोष्ट खरंच सुंदर आहे, आजोबांना नमस्कार. पण त्यांना ताडून बघायला काहीतरी हाती होतं, खरी धूसर माणसं होती. माझा प्रश्न ते सगळंच गेलं तर काय हा आहे. तिठा, तुम्ही दुसरी पायरी सोडतो म्हणालात आणि अजून ते केलेलं नाहीत. तुम्ही भांड्यातला मेंदू नाही हे तुम्हाला माहीत आहे का? हो की नाही?

जुनीपोथी

तिठा उत्तर देतीलच, मध्ये एक भर घालते, कारण वाटाड्या जे विचारतायत त्यावर नैयायिक उदयन आणि त्याचा टीकाकार, वेदान्ती श्रीहर्ष, यांची प्रत्यक्ष झुंज आहे.

उदयन म्हणतो शंकेला हद्द असते आणि ती हद्द म्हणजे व्याघात, स्वतःशीच विरोध येतो तिथे शंका थांबते. श्रीहर्षानं बाराव्या शतकात त्याच श्लोकाचे शब्द फिरवून उत्तर दिलं, विरोध आहे म्हणता ना, मग विरोध कशाशी? शंकेशीच. म्हणजे शंका आहे हे तुम्हीच मान्य केलंत, ती थांबली कुठे? हे वाचताना मी अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या होत्या, इतकं ते धारदार आहे.

मग नैयायिक गंगेश येतो, चौदाव्या शतकात. तो म्हणतो विरोध शंकेशी नाहीच, विरोध वागण्याशी आहे. धुरासाठी विस्तव आणणारा, भूक भागावी म्हणून अन्नाकडे जाणारा, दुसऱ्याला कळावं म्हणून बोलणारा माणूस "यांचा एकमेकांशी संबंध असेल की नाही कोण जाणे" असं खरोखर मानत नसतो. तोंडानं म्हणू शकतो. त्याची शंका शब्दांत असते, मनात नसते.

वाटाड्या

पण गंगेशाचं हे फक्त एवढंच दाखवतं की माणूस शंका धरून जगू शकत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमलाही ते मान्य होतं, तो म्हणायचा की अभ्यासिकेतून उठून मित्रांत गेलं की शंका विरतात. म्हणून त्या चुकीच्या ठरल्या असं नाही. आपण विश्वास टाळू शकत नाही आणि आपल्याला ज्ञान आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लिश तत्त्वज्ञ मूरनं १९३९ मध्ये भाषणात दोन हात वर करून दाखवले, हा एक हात, हा दुसरा, झालं बाहेरचं जग सिद्ध. मला ते भाषण वाचून चीड आली होती.

तिठा

@वाटाड्या, सरळ विचारलंत, सरळ सांगतो. हो. मी भांड्यातला मेंदू नाही हे मला माहीत आहे. ते मी तुम्हाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात असं माझं म्हणणं आहे आणि दुसरी पायरी मी तिथेच सोडतो.

ती पायरी म्हणते की पुरावा दोन्हीकडे सारखाच दिसला असता म्हणून माहीत नाही. म्हणजे "माहीत असणं" यासाठी तिनं अट घातली की चुकीची प्रत्येक कल्पना करता येणारी शक्यता आधी, आतूनच, खोडून काढायला हवी. ही अट कुठून आली? शंकेलाही कारण लागतं. आजोबांच्या बाबतीत कारण होतं, नजर गेली होती. भांड्याच्या बाबतीत एकही कारण कुणी दिलेलं नाही, फक्त कल्पना करता येते एवढंच. मूरचा पुरावा पुरावा म्हणून मलाही पटत नाही, पण त्यानं एक गोष्ट बरोबर ओळखली होती: "मला हात आहेत" याची माझी खात्री ही संशयवाद्याच्या कुठल्याही पायरीच्या खात्रीपेक्षा जास्त आहे, मग कमी खात्रीच्या गोष्टीसाठी जास्त खात्रीची का सोडू? तत्त्वज्ञ विटगेन्श्टाइननं आयुष्याच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत याच प्रश्नावर टिपणं काढली, त्यातलं मला पटलेलं असं की काही गोष्टी पक्क्या धरल्याशिवाय शंका घेणंसुद्धा सुरू होत नाही.

वाटाड्या

मग समजा एक मेंदू खरंच भांड्यात आहे. तोही हाच परिच्छेद शब्द न् शब्द लिहील. तुमच्याकडे आहे ते सगळं त्याच्याकडे आहे. त्याला माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे, हा फरक निव्वळ नशिबाचा झाला. नशिबानं मिळालेल्याला ज्ञान म्हणायचं का?

नवखा

हाच प्रश्न माझ्या मनात होता, मला मांडता येत नव्हता.

जुनीपोथी

नशिबाचं उदाहरण श्रीहर्षानंच दिलंय. एकानं मुठीत कवड्या लपवल्या, किती विचारलं, दुसरा अंदाजानं म्हणाला पाच, आणि निघाल्या पाचच. बोललेलं खरं ठरलं, पण त्याला माहीत होतं असं कुणी म्हणणार नाही. पश्चिमेत गेटियर या तत्त्वज्ञानं १९६३ मध्ये तीन पानांचा लेख लिहिला, खरी आणि सकारण समजूतसुद्धा नशिबानं खरी ठरू शकते असं दाखवणारा, आणि त्यावर अजून लिहिलं जातंय. वाटाड्यांचा नेम त्याच जागी आहे.

तिठा

कवड्यांचं उदाहरण माझ्या कामाचं आहे, कारण त्यात आणि माझ्यात काय वेगळं आहे ते त्यातून नीट दाखवता येतं. मूठ उघडायच्या आधी कवड्या चार असत्या तरी तो पाचच म्हणाला असता, त्याच्या बोलण्याचा कवड्यांशी काही संबंधच नव्हता. माझा हात मला दिसतो तेव्हा तो तिथे आहे म्हणून दिसतो, प्रकाश त्यावर पडून डोळ्यात येतो, हात काढला तर दिसायचा थांबतो. भांड्यातल्या मेंदूचा तसा कुठल्याही हाताशी संबंध नाही. तेव्हा आम्हा दोघांकडे सगळं सारखं आहे हे मला मान्य नाही. सारखं आहे ते आम्हाला आतून कसं वाटतं एवढंच. हा संबंध जोडणारं जग माझ्या वाट्याला आलं यात नशीब असेल, तसं तर डोळे शाबूत असणं हेही नशीबच, पण शाबूत डोळ्यांनी बघितलेल्याला कुणी अंदाज म्हणत नाही.

तो मेंदू हाच परिच्छेद लिहील हे खरं. तो लिहील तेव्हा तो चुकीचा असेल, बेजबाबदार नसेल, त्याला दोष देता येणार नाही, पण चुकीचा असेल. त्याच्या चुकीमुळे माझं बरोबर असणं कमी होत नाही.

वाटाड्या

आता कुठे आपण वेगळे होतो ते नीट कळलं. तुमच्यासाठी ज्ञान म्हणजे जगाशी असलेला संबंध, तो असला की झालं, तो आहे हे दाखवता आलं नाही तरी चालतं. मी ज्ञान म्हणतो तेव्हा मला ते दाखवता येणंही त्यात हवं असतं. तुमची व्याख्या घेतली तर "आपल्याला माहीत असू शकतं का" याचं उत्तर हो, आणि "आपल्याला माहीत आहे हे दाखवता येतं का" याचं नाही. दुसरं "नाही" तुम्ही मान्य करता का?

तिठा

मान्य, जर दाखवणं म्हणजे कशाचाच आधार न घेता दाखवणं असेल तर. तराजू दुसऱ्या वजनानं तपासून दाखवणं चालत असेल तर मान्य नाही.